चिठ्ठी आणि पथ्य

नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरत शहराच्या पांडेसरा भागात एका नव्या रुग्णालयाचे थाटामाटाने उद्घाटन झाले. निमंत्रणपत्रिकेवर पोलीस आणि महापालिका या दोन्ही खात्यांतील वरिष्ठ अधिकाऱ्यांची नावे छापलेली होती. दुसऱ्याच दिवशी त्या रुग्णालयाला सील लागले. कारण ज्यांनी ते थाटले, त्यांच्यापैकी काहींच्या डॉक्टरकीच्या पदव्याच खोट्या असल्याचे पोलिसांचे म्हणणे पडले. हे प्रकरण लोकांच्या विस्मरणात जाते न जाते, तोच डिसेंबर २०२४ मध्ये याच पांडेसऱ्यातील दवाखान्यांवर छापे पडले आणि वैद्यकाच्या बनावट पदव्या विकणारी टोळी उघडकीस आली. सत्तर हजार रुपये मोजावेत आणि भिंतीवर प्रमाणपत्र टांगावे, असा तो सरळ व्यवहार होता. अशी सुमारे १,२०० प्रमाणपत्रे दिली गेल्याची नोंद पोलिसांच्या हाती आली. डझनाहून अधिक माणसांना अटक झाली आणि त्यांतील काही तर शालेय शिक्षणही पुरे न केलेले निघाले.

आज आम्हांला लिहावयाचे आहे ते वजन उतरविणाऱ्या नव्या औषधांविषयी, आणि त्या विषयाला हात घालताना या दोन घटना प्रथम आठवाव्यात याला कारण आहे. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळावीत असा नियम आहे व तो योग्यच आहे. परंतु चिठ्ठी लिहिणारा हात कोणाचा, हा प्रश्न जेथे निकालात निघालेला नाही, तेथे त्या नियमाची किंमत काय उरते?

किनाऱ्यावरील आमचा वाचक विचारील, की पांडेसऱ्याशी आपला काय संबंध? संबंध आहे. सुरतेच्या दक्षिणेस औद्योगिक वसाहतीच्या आसऱ्याने वाढलेल्या या उपनगरात कापडाच्या रंगाई-छपाईच्या मिला आहेत. तेथे ओरिसा, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेल्या श्रमिकांच्या खांद्याला खांदा लावून जळगाव, धुळे, नंदुरबारकडची आपली मराठी माणसे राबत आहेत. उधना-जळगाव लोहमार्गाने पोटासाठी गेलेली ही कुटुंबे आता तेथलीच झाली आहेत. पांडेसरा, उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत मराठी बोली कानांवर पडते आणि सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालविते. तेथे जे आज घडते, ते उद्या चिपळूणच्या, पनवेलच्या किंवा वास्कोच्या कामगारवस्तीत घडणार नाही, असे कोणी छातीठोकपणे सांगावे?

प्रथम औषधाविषयी. आपण जेवलो की आतड्यांतून एक संप्रेरक रक्तात उतरते. पोट भरले असल्याची वर्दी ते मेंदूला देते, जठरातील अन्न पुढे सरकण्याचा वेग मंदावते आणि रक्तातील साखर वाढली असेल तर इन्सुलिनला चालना देते. शरीरातले हे संप्रेरक काही मिनिटांतच विरून जाते. आठवडाभर टिकणारी त्याची प्रतिकृती शास्त्रज्ञांनी घडविली, तिचे नाव सेमाग्लुटाइड. टिर्झेपेटाइड हे दुसरे औषध याच कुळातले. ते एकाऐवजी दोन संप्रेरकांचे काम करते. मूळ योजना मधुमेहासाठी होती. वजन उतरते हा गुण पुढे ध्यानात आला. आपल्या देशात टिर्झेपेटाइड ‘मौंजारो’ या नावाने मार्च २०२५ मध्ये आले. वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ‘वेगोवी’ या नावाने त्याच वर्षी जूनमध्ये आले. मौंजारोच्या सर्वांत लहान मात्रेची आठवड्याची कुपी त्या वेळी साडेतीन हजार रुपयांची होती, म्हणजे महिन्याला चौदा हजार. इतकी रक्कम पुष्कळ गिरणी कामगारांच्या घरी महिन्याच्या सगळ्या खर्चालाही नसते. तथापि सेमाग्लुटाइडच्या मूळ पेटंटची भारतातील मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. पेटंट सुटले की देशी कंपन्या तेच औषध करू लागतात आणि किंमत कोसळते, हा आपला जुना अनुभव आहे. आज श्रीमंतांच्या घरच्या शीतकपाटात असलेली ही सुई उद्या गल्लीतल्या दवाखान्यात पोहोचणार, हे गृहीत धरूनच विचार करावयास हवा.

या औषधांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात आणि आमच्या मते ती दोन्ही चुकीची आहेत.

पहिले मत उपदेशकांचे. लठ्ठपणा म्हणजे आळस व खादाडपणा, त्याला औषध कशाला, जिभेला आवर घाला म्हणजे झाले, असे ही मंडळी सांगतात. संयमाची थोरवी आम्हांला मान्य आहे. पण पुरावा काय सांगतो तेही पाहिले पाहिजे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १,९६१ माणसांना ६८ आठवडे पारखण्यात आले. आहारात रोज पाचशे कॅलरींची काटछाट आणि आठवड्याला दीडशे मिनिटांचा व्यायाम हा सल्ला सर्वांनाच होता. अर्ध्यांहून अधिक लोकांना सेमाग्लुटाइड मिळाले, उरलेल्यांना नुसत्या पाण्यासारखी सुई. सल्ला व औषध दोन्ही लाभलेल्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के उतरले. नुसत्या सल्ल्यावर राहिलेल्यांचे २.४ टक्के. म्हणजे वाढलेले वजन हा केवळ मनोनिग्रहाचा प्रश्न नाही. भूक, तृप्ती आणि चरबीचा साठा यांचे नियमन शरीर स्वतःच करीत असते, आणि उतरलेले वजन पुन्हा चढविण्याचा त्याचा हट्ट दांडगा असतो. वजनापायी ज्यांचे गुडघे गेले, ज्यांना मधुमेह जडला, ज्यांच्या हृदयावर ताण आला, त्यांनी योग्य डॉक्टरांच्या सल्ल्याने हे औषध घेतले तर त्यांत लाज वाटण्याजोगे काहीही नाही. हृदयविकार असलेल्या स्थूल माणसांवरील १७ हजारांहून अधिक लोकांच्या दुसऱ्या एका चाचणीत हृदयाचा झटका, पक्षाघात व हृदयविकाराने येणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सेमाग्लुटाइडने वीस टक्क्यांनी घटल्याचे २०२३ मध्ये दिसून आले. अशा औषधाला ‘श्रीमंतांचे चोचले’ म्हणून हिणविणे म्हणजे रुग्णाची थट्टा होय.

दुसरे मत सुईवर भिस्त ठेवणाऱ्यांचे. आठवड्याला एक सुई टोचून घ्यावी आणि बाकी सारे पूर्ववत चालू द्यावे, असा त्यांचा हिशेब असतो. तोही खोटा ठरला आहे. वर सांगितलेल्या चाचणीतील काही लोकांचे औषध व सल्ला दोन्ही थांबविल्यावर वर्षभर निरीक्षण करण्यात आले, तेव्हा त्यांनी उतरविलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश वजन परत चढलेले आढळले. याच कुळातील एका जुन्या औषधाची चाचणी कोपनहेगन येथे झाली. आधी कमी आहाराने वजन उतरविलेल्या १९५ माणसांपैकी काहींना नुसते औषध, काहींना नुसता व्यायाम, काहींना दोन्ही आणि काहींना दोन्हींपैकी काहीच नाही, अशी विभागणी होती. वर्षअखेर शरीरातील चरबीचे प्रमाण औषध व व्यायाम मिळून जितके घटले, ते केवळ औषधाने वा केवळ व्यायामाने घटलेल्याच्या सुमारे दुप्पट होते. औषध बंद झाल्यानंतरच्या वर्षात नुसत्या औषधावर विसंबलेल्यांचे वजन झपाट्याने परतले. व्यायामाची सवय जडलेल्यांनी आपली कमाई पुष्कळ अंशी राखली. शिवाय वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आहारात पुरेशी प्रथिने नसतील आणि अंगाला जोर लावणारा व्यायाम नसेल, तर माणूस काट्यावर हलका होतो आणि जिना चढताना दुबळा ठरतो.

आपल्या वैद्यकपरंपरेत औषधाच्या जोडीला पथ्य हा शब्द आहे. आजीबाईच्या बटव्यातली पुडीसुद्धा पथ्य सांगितल्यावाचून कोणी दिली नाही. नव्या शास्त्राने आकडे मांडून जे सिद्ध केले, ते याच शब्दात सामावले आहे.

हे पथ्य आपल्या लोकांना विशेष हवे, कारण आपली देहयष्टी फसवी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आले. उंची व वजनाच्या गुणोत्तराचा आकडा दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के. वरून बारीक आणि आतून चरबी बाळगणारा हा भारतीय देह पोटाचा घेर थोडा वाढला तरी मधुमेहाकडे झुकतो. म्हणूनच पुरुषांनी नव्वद आणि स्त्रियांनी ऐंशी सेंटिमीटर ही कमरेच्या घेराची मर्यादा ध्यानी ठेवावी, असे आपले तज्ज्ञ सांगतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मधील पाहणीने देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. आणि सर्व राज्यांत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. तेव्हा किनाऱ्याने पांडेसऱ्याकडे दुरून पाहण्याचे कारण नाही.

वजनाच्या औषधांचा पूर्वेतिहास मात्र सावध करणारा आहे. डायनायट्रोफिनॉल नावाचे एक रसायन आहे. ते रंगाच्या आणि स्फोटकांच्या कारखान्यांत वापरले जाई. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत ते वजन उतरविण्यासाठी सर्रास विकले गेले. त्याने शरीर आतून तापे, कित्येकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, काही जण प्राणास मुकले. १९३८ च्या कायद्यानंतर कोठे ते बाजारातून हटले. १९९७ मध्ये फेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपा बिघडवते म्हणून मागे घ्यावे लागले. मनाला विषण्णतेच्या गर्तेत लोटणारे रिमोनाबंट आपल्या देशात २००९ मध्ये, तर हृदयाला धोकादायक ठरलेले सिब्युट्रामिन २०११ मध्ये बंद झाले. नवी औषधे या साऱ्यांहून पुष्कळच अधिक पारखलेली आहेत, हे आम्ही आवर्जून नमूद करतो. पण पारखलेले औषधही पारखलेल्या हातूनच घ्यावयाचे असते.

आता पांडेसऱ्यातील जीवनक्रम पाहा. रंगाईच्या मिलेत बाष्पक पेटलेले, कापड वाळविणाऱ्या यंत्रांची आच सतत अंगावर. पाळी बारा तासांची, कधी दिवसाची तर कधी रात्रीची. रात्रपाळीचा माणूस सकाळी खोलीवर येतो आणि एकाच खोलीत आळीपाळीने निजणाऱ्या सोबत्यांच्या वर्दळीत जमेल तशी झोप घेतो. झोपेचे वेळापत्रक असे मोडले की भूक आणि तृप्ती यांचे संप्रेरकही गोंधळतात, हे आता सिद्ध झालेले आहे. गावी असताना ज्वारी-बाजरीची किंवा कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, उडदाची डाळ हा आहार होता. येथे पहाटे मिलेबाहेर मिळतो तो गोड चहा, गाठिया, फाफडा आणि तळलेला वडा. ‘जेवण सुरतेचे आणि मरण काशीचे’ अशी गुजराती म्हण आहे. ती रचणाऱ्याने मिलेच्या फाटकावरचे जेवण पाहिले नसावे. बारा तास उभे राहून काम करणाऱ्याला ‘रोज अर्धा तास चालत जा’ असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. आणि २०२५ मध्ये गुजरात सरकारने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्याची कायदेशीर वाट मोकळी केली! आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, असे सांगितले जाते. ती मर्यादा मिलेच्या दारात कोण मोजणार, हा आमचा प्रश्न आहे.

अशा जागी ही सुई बेजबाबदार हातांनी टोचली गेली तर काय होईल? मळमळ, वांती, जुलाब आणि बद्धकोष्ठ हे या औषधांचे नेहमीचे त्रास. म्हणून मात्रा अगदी थोडीपासून आरंभून कित्येक आठवड्यांनी चढवावयाची असते; वेगोवीची पूर्ण मात्रा गाठावयास सोळा आठवडे लागतात. घाई केली, वांत्या सुरू झाल्या आणि वर मिलेच्या उष्म्यात घामावाटे पाणी गेले, तर मूत्रपिंडावर आघात होऊ शकतो. पित्ताशयात खडे होणे आणि स्वादुपिंडाचा दाह हेही धोके आहेत. विशिष्ट प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग ज्यांच्या घराण्यात आहे, त्यांना हे औषध वर्ज्य. मूल हवे असलेल्या स्त्रीने सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे लागते. टिर्झेपेटाइड सुरू असताना गर्भनिरोधक गोळीवर पूर्ण विसंबता येत नाही. इन्सुलिन वा मधुमेहाच्या काही जुन्या गोळ्या चालू असताना या सुईच्या जोडीला एकादशी-श्रावणाचे कडक उपवास केले, तर साखर एकाएकी घसरू शकते. हे सारे रुग्णाला आधी विचारावे लागते. सत्तर हजारांच्या प्रमाणपत्राला हे प्रश्नच ठाऊक नसतात. त्यातच हे औषध उघडण्यापूर्वी थंड जागी ठेवावे लागते आणि बनावट सेमाग्लुटाइड काही देशांत सापडल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्येच दिलेला आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही आपली म्हण येथे शब्दशः खरी व्हावयास वेळ लागणार नाही.

मग पांडेसऱ्याने हात जोडून बसावे काय? नाही. कारण सुरत शहराने हा धडा एकदा गिरविलेला आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये तेथे प्लेगची साथ आली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून पाहता पाहता नाहीशा झाल्या आणि लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून पळाली. गोळीने रोग आटोक्यात आला, हे खरे. पण केवळ गोळीवर विसंबले असते तर घाण तशीच राहिली असती. १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. त्यांनी अधिकाऱ्यांना कचेऱ्यांतून उठवून रोज रस्त्यावर उतरविले, कचरा वेळेवर उचलला जाऊ लागला, झोपडवस्त्यांतही नळ, गटारे आणि शौचकूप पोहोचले. वर्षा-दीड वर्षात देशातील स्वच्छ शहरांत सुरतेचे नाव दुसऱ्या क्रमांकावर घेतले गेले. गोळी वैद्याने दिली. पथ्य शहराने पाळले. वजनाच्या आणि मधुमेहाच्या बाबतीतही तोच न्याय लागू आहे. गरिबाने कोणते पथ्य पाळावे हे सांगावयाचे, तर ते पाळता येईल अशी सोय करणे हे नगराचे, मालकाचे आणि शासनाचे काम होय.

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक दवाखान्याच्या दारावर डॉक्टरांचा परिषदेतील नोंदणी क्रमांक ठळक अक्षरांत लावणे सक्तीचे व्हावे, आणि तो खरा की खोटा हे महापालिकेने स्वतः ताडून पाहावे. छापे पडेपर्यंत थांबू नये. चिठ्ठीवाचून ही औषधे विकणाऱ्या दुकानाचा परवाना गेला पाहिजे. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब व साखर तपासण्याची सरकारी योजना आहेच. त्या तपासणीची वेळ पाळी सुटण्याच्या वेळेशी जुळवावी आणि वजन व कमरेचा घेरही तेथे नोंदवावा. कामगार विमा योजनेच्या रुग्णालयांत आहाराचा सल्ला देणारा माणूस बसवावा व तो मराठी, हिंदी, ओडिया बोलणारा असावा. फॅक्टरी कायद्याने १९४८ पासूनच अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृह सक्तीचे केले होते. ते कागदावरचे उपाहारगृह प्रत्यक्षात यावे आणि तेथे तळणापेक्षा डाळ, भाजी, भाकरी, ताक स्वस्त मिळावे. आठवडी पाळी बदलण्याऐवजी निजेला थोडे स्थैर्य लाभेल अशी पाळ्यांची आखणी करावी. मुलांना खेळावयास आणि बायाबापड्यांना निर्भयपणे फिरावयास एखादे उजेड असलेले मैदान वस्तीत असावे. यांतली एकही गोष्ट विलायती सुईइतकी महाग नाही.

आणि आमच्या वाचकांनाही दोन शब्द. ज्यांना हे औषध खरोखर हवे, त्यांनी नोंदणीकृत डॉक्टरकडे जावे, आपले सगळे आजार व सगळ्या गोळ्या सांगाव्यात, आणि ते किती दिवस घ्यावयाचे व थांबविल्यावर काय करावयाचे हे पहिल्याच भेटीत विचारावे. लग्नसराईसाठी चार किलो उतरविण्याकरिता ते घेऊ नये. त्यासाठी ते नाहीच. ज्यांना औषध नको आहे, त्यांनी नाचणीची आंबील, कुळथाची पिठी, मासळीचे कालवण आणि भाताची आटोपशीर मूद यांना कमी लेखू नये. फरसाणाच्या पुड्याने आणि साखरेच्या चहाने आपल्या स्वयंपाकघरातही पाय पसरले आहेत, याकडे डोळेझाक करू नये.

पांडेसऱ्यातला रंगारी आपल्या कष्टाने साऱ्या देशाच्या अंगावर रंगीत वस्त्र घालतो. त्याच्या वाट्याला खरा डॉक्टर, पुरती झोप आणि ताजी भाकरी यावी, इतके मागणे फार नव्हे. नवे औषध त्याच्या वस्तीत पोहोचण्याआधी ही तयारी व्हावी. सुरत महापालिकेने १९९५ मध्ये दाखविलेली धडाडी पुन्हा एकदा दाखवावी आणि आपल्या किनाऱ्यावरील नगरपालिकांनीही तिचे अनुकरण करावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.